दोन्ही डोळे शाबूत

आमच्या वस्तीत कुणाला फॉर्मसाठी फोटो लहान करायचा असो, तीन कागदांची एक पीडीएफ करायची असो, की लग्नाच्या बायोडाट्यावरची मुरुमं घालवायची असोत, उत्तर एकच असायचं: पौर्णिमाला दे. पौर्णिमा माझी चुलत बहीण. कर्जतला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिसेप्शनला बसते, आणि संध्याकाळी भिवपुरी स्टेशनवर उतरून घरी पोचेपर्यंत वाटेतच दोघातिघांची कामं फोनवर उरकते. कॉम्प्युटरचा कोर्स वगैरे तिने काही केलेला नाही. तिच्याकडे साईटी आहेत. सगळ्या फुकटच्या, आणि लॉगिन न मागणाऱ्या.

लॉगिनशी तिचं जुनं वैर. एकदा कुठल्याशा साईटवर तिने नंबर टाकला, आणि मग कर्ज घ्या, प्लॉट घ्या, विमा घ्या म्हणून लोकांनी तिला भंडावून सोडलं. तेव्हापासून नेम ठरला. फोटो टाकायचा, काम करून घ्यायचं, उतरवून घ्यायचा आणि चालू पडायचं. नाव विचारलं की बाहेर. "पाणपोईवर कुणी आधार कार्ड मागतं का?" असं ती म्हणायची, आणि वस्तीतल्या बायका माना डोलवायच्या.

त्या पाणपोईचा एक किस्सा आमच्याकडे अजून सांगतात. खालच्या आळीतल्या विकासच्या नाकाशेजारी चांगली हरभऱ्याएवढी चामखीळ. पौर्णिमाने बायोडाट्यासाठी त्याचा फोटो साईटवर टाकला. साईटने चामखीळ काढली, रंग उजळला, जबडाही थोडा रुंद करून दिला. मुलीकडची मंडळी घर बघायला आली तेव्हा विकासनेच दारात पाण्याचा तांब्या पुढे केला. मुलीचा मामा पाणी प्यायला, त्याने तांब्या विकासच्याच हातात परत दिला आणि विचारलं, "मुलगा कामावर गेलाय का?" वस्ती कित्येक दिवस पोट धरून हसत होती. लग्न जमलं, मुलगी समंजस निघाली, म्हणून तो किस्सा झाला. नाहीतर भांडण झालं असतं.

सोमाकाका पौर्णिमाचे वडील, माझे थोरले काका. उभी हयात त्यांनी वीजघरात हेल्पर म्हणून काढली. फिटरची शिडी धरायची, वायरचं टोक धरायचं, मागितला तो पाना हातात द्यायचा. ती सवय इतकी अंगात मुरलेली की रस्त्यात कुणी काही उचलायला वाकलं, तरी काकांचा हात आपोआप पुढे व्हायचा. तरुणपणी भात झोडताना त्यांच्या डाव्या डोळ्यात कुसळ गेलं. झाडपाल्यात दिवस गेले आणि डोळ्यात फूल पडलं, बुबुळावर पांढरा ठिपका कायमचा बसला. पुढे वरचे दोन दातही गेले. हसले की त्या फटीतून हवा जायची आणि हसण्याला बारीक शीळ यायची. मला ते हसणं फार आवडायचं.

रिटायर झाल्यावर काका विसरायला लागले. आधी चष्मा, मग रस्ता, मग आमची नावं. नोकरी मात्र विसरले नाहीत. रोज उजाडलं की चपला घालून निघायचे. "पाळी चुकंल," एवढंच म्हणायचे. कधी दूधवाला त्यांना परत आणायचा, कधी वीजघराच्या रस्त्यावरचं कुणीतरी. वस्तीला त्याची सवय झाली होती, आणि सवय झाली की माणूस लक्ष द्यायचं सोडतो.

झोडणीचे दिवस होते. सगळे खळ्यावर. काका निघाले आणि त्या दिवशी त्यांना कुणीच परत आणलं नाही. पेंढा भरलेल्या एका टेंपोत ते फाट्यावर चढले, एवढं नंतर कळलं. टेंपोवाल्याला वाटलं, मजूर असेल. त्याने त्यांना कर्जतला चार फाट्यावर उतरवलं. तिथून पुढे काका कुठे गेले ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

दोन दिवस आम्ही कर्जत पालथं घातलं. पौर्णिमाने पोलिसांत तक्रार दिली आणि सगळं खरं लिहून दिलं. डावा डोळा, दोन दात, विसरणं, सगळं. मग ठरलं की पोस्टर छापायचं.

फोटोचीच पंचाईत होती. आधार कार्डावरचा होता, पण त्यात काका काय, कुणीच ओळखू येत नाही. बाकीचे जुने. अलीकडचा एकच सापडला, कपिलच्या साखरपुड्यातला. कपिल म्हणजे पौर्णिमाचा धाकटा भाऊ, खोपोलीला कारखान्यात सुपरवायझर. त्याच्या साखरपुड्याच्या फोटोत पंचवीसएक माणसं दाटीवाटीने उभी, आणि काका अगदी कडेला, अर्धा खांदा फोटोबाहेर. ते कडेला कसे गेले ते मी विचारणार नाही. सासरच्या मंडळींपुढे बापाने काही भलतंच बोलू नये म्हणून कपिल दिवसभर त्यांना मागेमागेच ठेवत होता.

पौर्णिमाने काकांपुरता फोटो कापला. तो मोठा केला तर नुसते ठोकळे दिसायला लागले. मग तिने आपली नेहमीची साईट उघडली. चेहरा स्वच्छ करा, एका क्लिकमध्ये, नोंदणीची गरज नाही. ओट्यावर आम्ही सगळे तिच्या भोवती वाकून बसलो होतो. गोल फिरलं, फिरलं, आणि फोटो आला.

काय फोटो होता. केसन् केस वेगळा दिसत होता. कपाळावरची रेघ, शर्टाची कॉलर, सगळं लख्ख. आणि दोन्ही डोळे काळेभोर. ओठांच्या मागे दातांची पांढरी ओळ, एकही फट नाही. त्या बिचाऱ्या यंत्राला फूल म्हणजे फोटोवरचा डाग वाटला असणार, म्हणून त्याने पुसून टाकला. विकासची चामखीळ पुसली होती तसाच.

काकी, म्हणजे ठकूबाई, काका गेल्यापासून भिंतीला टेकून बसली होती. अन्नाला शिवलेली नव्हती. तिने फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"हे असंच दिसायचं गं," ती म्हणाली. "आमचं लगीन झालं तवा. अगदी असंच."

"काकी, पण आता काका असे नाय दिसत," मी म्हणाले.

"तुला काय ठावं? तू तवा जल्माला तरी आलीवतीस का?"

पौर्णिमा म्हणाली, "राहू दे फोटो हाच. खाली मजकुरात लिहू. डाव्या डोळ्यात फूल, दोन दात नाहीत, मानसिक संतुलन ठीक नाही."

"संतुलन-बिंतुलन काय लिवू नको," कपिल म्हणाला. "माघात लगीन हाय माजं. हे कागद पार चौक गावापर्यंत लागणार. सासरचे त्याच रस्त्यानं येतात. येडा बाप म्हणून छापायचं का?"

"ते नको तर नको. पण डोळा तरी लिहू दे."

"डोळा बी नको," काकी म्हणाली. फोन तिने अजून सोडला नव्हता. "त्यांचं व्यंग असं वेशीवर टांगू नको, पोरी. जल्मभर लोकं त्यांना काण्या म्हनत आली. आता हितं बरा डोळा आलाय, तर तुमीच पुन्ना फोडा."

पौर्णिमा कुणाचं ऐकून घेणारी नाही. पण काकीने त्या दिवशी पहिल्यांदा भाताचा घास खाल्ला होता, एका हातात फोन धरून. कुठली मुलगी अशा वेळी वाद घालेल? तिने लिहिलं: सोमाजी लक्ष्मण गायकवाड, वय चौसष्ट, अंगात निळा शर्ट, पायात चपला, हरवले आहेत, आढळल्यास कृपया संपर्क साधावा. खाली कपिलचा नंबर आणि स्वतःचा.

कपिल आणि त्याच्या मित्रांनी कर्जत, नेरळ, पोशीर, सगळीकडे पोस्टरं चिकटवली. पुढच्या रस्त्यासाठी गठ्ठे टेंपोवाल्यांच्या हाती दिले, की जिथे थांबाल तिथे लावा. काकांना कधी पाहिलंही नाही अशा माणसांनी ती खालापूरच्या टोलनाक्यापर्यंत लावली. व्हॉट्सॲपवर तर तो फोटो इतका फिरला की लॅबमध्ये रक्त द्यायला आलेल्या एका बाईने तो पौर्णिमालाच दाखवला.

फोन पुष्कळ आले. पनवेलला एका लग्नात असा माणूस जेवताना दिसला. नेरळला एक गृहस्थ बँकेच्या रांगेत उभे आहेत. चौक गावाजवळच्या एका सोसायटीत असेच आजोबा सकाळी फिरतात. आम्ही प्रत्येक ठिकाणी धावत गेलो. प्रत्येक ठिकाणी इस्त्रीचा शर्ट घातलेला, दोन्ही डोळ्यांनी आमच्याकडे रोखून बघणारा कुणीतरी सज्जन माणूस भेटला. चौकच्या आजोबांच्या सुनेने तर आम्हाला फैलावर घेतलं. म्हणाली, आमचे पप्पा काय हरवलेले दिसतात का तुम्हाला?

नंतर थंडी वाढली. पौर्णिमा रोज कामावर जाताना सगळी पोस्टरं अजून आहेत की फाडली ते बघत जायची. एखाद्यावर वाढदिवसाचा बॅनर चढवला असला की थांबून तो सोडवायची आणि लोकांशी भांडायची. माझा बाप खाली आहे, म्हणायची.

आणि एका सकाळी खालापूरहून पोलिसांचा फोन आला. टोलनाक्याजवळ पहाटे गाडीने एका म्हाताऱ्याला उडवलं होतं. गाडी थांबली नव्हती. खिशात काही नव्हतं. वर्णनात लिहिलं होतं, डाव्या डोळ्यात फूल, वरचे दोन दात नाहीत. आमच्या तक्रारीच्या कागदावर तेच लिहिलेलं होतं, म्हणून त्यांनी फोन केला.

आम्ही तिघं गेलो, पौर्णिमा, कपिल आणि मी. सरकारी दवाखान्यात शिपायाने चादर मानेपर्यंत खाली केली. चेहऱ्याला फारसं लागलं नव्हतं. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. डावा डोळा अर्धा उघडा होता आणि त्यात तो पांढरा ठिपका होता. पौर्णिमा रडली नाही. तिने पदराने, म्हणजे ओढणीच्या टोकाने, त्यांच्या कानामागची माती पुसली, आणि बराच वेळ पुसत राहिली.

कागद होईपर्यंत थांबायचं होतं. हवालदार म्हणाला, "नाक्याच्या अलीकडं द्वारकाबाईंची चहाची टपरी आहे. म्हातारा तिथंच बसायचा. तिनंच आम्हाला कळवलं. भेटा तिला, चांगली बाई आहे."

टपरी म्हणजे चार बांबू आणि वर निळं ताडपत्री कापड. पुढे एक बाकडं. शेजारी विजेचा खांब, आणि खांबावर आमचं पोस्टर. नीट, चारही कोपरे दाबून चिकटवलेलं. काकांचा तो लख्ख चेहरा रस्त्याकडे बघत होता.

द्वारकाबाई पन्नाशीची असेल. आम्ही कोण ते तिला आधी कळलं नाही. अपघात झालेल्या बाबांची माणसं, एवढंच पौर्णिमाने सांगितलं. तिने लगेच बाकडं पुसलं आणि आम्हाला बसायला लावलं.

"लई गरीब मानूस," ती म्हणाली. "उजाडलं का बाकड्यावर यिऊन बसायचा. नाव इचारलं तर नुसता हासायचा, शीळ वाजल्यावानी. कुटं जायचंय इचारलं का म्हनायचा, पाळीला. मी म्हनायची, बाबा, आज सुट्टी हाय. मग बसायचा. च्या दिला का कप धुऊन द्यायचा. नको म्हनलं तरी. राती हितंच मागं निजायचा, मी पोतं द्यायची. आज मला यायला उशीर झाला. सुट्टी हाय म्हनून सांगायला कोन नव्हतं बगा."

पौर्णिमाने खांबाकडे बोट केलं. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. "मावशी, हा कागद कधी लावला?"

"ह्यो होय? टेंपोवाल्यानं लावला. त्याच्या एका हातात खळीचा डबा, कागद वाऱ्यानं उडायला लागला. तर बाबाच उठला आणि कोपरा धरला त्यानं. पार वरपातूर हात करून, चारी कोपरे दाबून दिले. कामाला लई हुशार."

कपिल बाकड्यावरून उठला आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

"माज्या मनात शंका आलीवती," द्वारकाबाई पुढे सांगत होती. "निळा शर्ट लिवलाय, ह्याच्या बी अंगात निळाच. मी बाबाला कागदाम्होरं उभा केला. इचारलं, बाबा, तू हाय का रं ह्यो? त्यानं लई येळ बगितलं. मंग आपल्या डोळ्याला हात लावला आन् म्हनला, नाय गं. ह्याचे दोनी डोळं शाबूत हायत. कोनाचा तरी चांगला मानूस हरवलाय."

नाक्यावर गाड्या थांबत होत्या आणि सुटत होत्या.

"तवापासनं रोज सकाळी आला का पयलं तेच इचारायचा. खांबाकडं बगून. सापडला का गं त्यो? घरची मानसं शोधत असतील त्याला, म्हनायचा." ती थांबली. आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघायला लागली. "तुमी कोन त्याची?"

"मी मुलगी," पौर्णिमा म्हणाली. "तो कागद आमचाच आहे. ते माझे बाबा आहेत."

द्वारकाबाईने खांबाकडे बघितलं, मग पौर्णिमाकडे. हातातला फडका तिने खाली ठेवला.

"मंग डोळा का नाय गं दावला?" ती म्हणाली.

तिने ते रागाने विचारलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं. मला त्या क्षणी कपिलच्या कानशिलात मारावीशी वाटली, आणि लगेच आठवलं, की काकी तो घास खात होती तेव्हा तिच्या हातातला फोन मीही बघत बसले होते आणि मलाही बरंच वाटलं होतं. कुणाला मारणार?

येताना रिक्षात पौर्णिमा एवढंच म्हणाली, "आईला यातलं काही सांगायचं नाही." आम्ही नाही सांगितलं.

अंत्यविधी झाला. त्यानंतरच्या दिवसांत पौर्णिमाला एकच वेड लागलं. दुपारी मागच्या दारी बसायची आणि साखरपुड्याचा तो कापलेला फोटो पुन्हा पुन्हा त्या साईटवर टाकायची. कधी डोळ्यापुरताच भाग कापून टाकायची. दर वेळी माणूस वेगळा यायचा. कधी नाक धारदार, कधी गाल भरलेले, एकदा तर मिशीच आली. डोळे मात्र दर वेळी दोन्ही चांगले. त्या यंत्राला काणा माणूस ठाऊकच नव्हता. मी फोन काढून घ्यायला गेले तर म्हणाली, "थांब, मला या साईटवाल्यांशी बोलायचंय." तिने पान वरून खालपर्यंत चाळलं. नाव नव्हतं, पत्ता नव्हता, फोन नव्हता. खाली बारीक अक्षरात होतं, की आम्ही तुमची कुठलीही माहिती ठेवत नाही, फोटो थोड्या वेळात आपोआप पुसले जातात. हेच वाचून पूर्वी तिला विश्वास वाटायचा. त्याखाली पाच तारे होते, सेवा कशी वाटली ते सांगा म्हणून. भांडायला माणूसच नव्हता. तिने फोन पालथा घातला आणि मग ती रडली, काका गेल्यावर पहिल्यांदा.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी कपिलने कर्जतहून फोटो मढवून आणला. तोच, पोस्टरवरचा, सोनेरी चौकटीत. पौर्णिमाने तो पाहिला आणि म्हणाली, "हा नको. दुसरा लावू. अंधुक तर अंधुक."

कपिलने मान खाली घातली. तो तयार होता. टोलनाक्यावरून आल्यापासून तो कशालाच नाही म्हणत नव्हता. पण काकीने चौकट पोटाशी धरली.

"ह्योच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्यांना मेल्यावर तरी दोन डोळं असू दे."

पौर्णिमाचे ओठ हलले. मी तिचा हात दाबला.

कार्यक्रमाला मांडव भरला होता. टेबलावर पांढरी चादर, बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि शेजारी सोनेरी चौकटीत काळ्याभोर डोळ्यांचे काका. बौद्धाचार्यांनी त्रिसरण, पंचशील घेतलं. मग लोक रांगेने फुलं वाहायला उठले. तेव्हा मला रांगेत द्वारकाबाई दिसली. पांढरी साडी नेसून, टपरी बंद ठेवून ती खालापूरहून आली होती. आम्ही तिला बोलावलं नव्हतं. हवालदाराकडून पत्ता घेतला असणार. तिच्या एका हातात पानात बांधलेली फुलं होती, दुसऱ्यात बटरचा पुडा. काकांना चहात बुडवून बटर आवडायचा.

तिची पाळी आली. तिने बुद्धांना फुलं वाहिली, बाबासाहेबांना वाहिली, आणि उरलेली हातात घेऊन तशीच उभी राहिली. टेबलाच्या या टोकाला बघितलं, त्या टोकाला बघितलं. मागे रांग थांबली. शेवटी ती जवळ बसलेल्या काकीकडे वळली.

"बाबाचा फोटू कुटं हाय?" तिने विचारलं.

काकीला वाटलं, बाईला दिसत नाही. तिने चौकटीकडे बोट केलं.

"ह्यो नव्हं," द्वारकाबाई म्हणाली. "ह्यो तर त्यो हरवलेला. खांबावरला. बाबा रोज ज्याचं इचारायचा."

पौर्णिमा धावत पुढे आली, पण उशीर झाला होता. काकीने द्वारकाबाईचा हात धरला होता आणि तिला आपल्याजवळ बसवून घेतलं होतं. "काय इचारायचे?" ती म्हणाली. "मला सांग, बाय. समदं सांग."

द्वारकाबाईने सांगितलं. तिला कुणी सांगू नको म्हटलं नव्हतं. कागदाचा कोपरा धरला ते सांगितलं. डोळ्याला हात लावून बघितलं ते सांगितलं. सापडला का गं त्यो, हेही सांगितलं. सगळा मांडव ऐकत होता आणि कपिल मांडवाच्या खांबाला धरून उभा होता.

काकी रडली नाही. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, तिने चौकट टेबलावरून काढली आणि भिंतीकडे तोंड करून खाली ठेवली. मग पौर्णिमापुढे हात केला.

"तुज्या फोनात हायेत नं ते? साकरपुड्यातले? काढ."

पौर्णिमाने काढला. काकीने फोन मेणबत्तीच्या स्टँडला टेकवून उभा केला. ठोकळ्या-ठोकळ्यांचे, अंधुक काका, अर्धा खांदा कापलेला, तोंडात फट, डाव्या डोळ्याच्या जागी एक पांढरा ठिपका. द्वारकाबाईने उरलेली फुलं त्यापुढे ठेवली आणि बटरचा पुडा फोडून त्यातला एक ठेवला.

थोड्या वेळाने फोनचा पडदा मंद झाला आणि काळा पडला. काकीने बोट लावलं. काका परत दिसायला लागले. रांग पुन्हा सरकू लागली, लोक वाकून फुलं ठेवत होते. पडदा पुन्हा काळा झाला, काकीने पुन्हा बोट लावलं.

"आई, सेटिंग बदलून देते," पौर्णिमा म्हणाली. "मग बंद नाही होणार."

"नको," काकी म्हणाली. "मी बसलीया नव्हं हितं."

आणि शेवटचा माणूस फुलं वाहून जाईपर्यंत ती तिथे बसून राहिली, पडद्यावर नजर ठेवून, बोट तयार ठेवून.